दोन माईक आणि मधला मी

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे गावातल्या लोकांनी सांगायची वाट बघायला नको. बावीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढली, हवालदार होऊन बाहेर पडलो. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत न बिघडता पोचवायचं, हे माझं काम. त्यात समोरचा तोंडातल्या तोंडात बोलायला लागला की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं. बायको म्हणते, तुम्ही घरात पाणी मागता तेसुद्धा हुकूम सोडल्यासारखं.

फौजेत सगळं एका सुरात चालतं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. काय सांगू तुम्हाला! एकदा वाळवंटात सराव होता. रणगाडेवाल्यांचे वायरलेस सेट वेगळे, पायदळाचे वेगळे. दोघं एकाच टेकाडाच्या दोन बाजूंना, आणि एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकू जाईना. साहेब लोक नकाशावर बोटं नाचवत भांडत बसले. शेवटी काय केलं? एका जीपमध्ये दोन्ही सेट ठेवले आणि मधे मला बसवलं. एका कानाला रणगाडे, दुसऱ्या कानाला पायदळ. इकडचं ऐकायचं, तिकडं सांगायचं. यंत्राला यंत्र जोडता आलं नाही की मधे माणूस जोडतात. मी त्या कामात तयार झालो, आणि त्याचा मला ताठाही होता. माझ्या हातून निरोप कधी चुकला नाही, असं मी पेन्शनीत आल्यावर चार माणसांत सांगायचो.

गावी आलो तेव्हा दुष्काळाचं दुसरं साल चालू होतं. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यानं मला वायरलेसवर घेतलं. कारखान्याचे सेट एरवी ऊसतोडीसाठी. कुठल्या फडात किती गाड्या उभ्या, कुठं ट्रॅक्टर रुतला, हे सांगायला. पण त्या साली ऊसच नव्हता, गाळप झालंच नाही. मग त्याच सेटवर पाण्याचे टँकर आणि जनावरांची छावणी चालायला लागली. छावणी कारखान्यानंच उघडलेली, घाटाखाली पाली गावाच्या अंगाला, एका आटलेल्या तलावाच्या काठावर. धाकटा भाऊ आणि भावजय कोयता घेऊन पश्चिमेकडं ऊसतोडीला गेलेले. घरची बैलजोडी घेऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, छावणीत जाऊन राहिले होते. वय झालेलं, एका गुडघ्यात वात. मी म्हटलं, मी गडी ठेवतो, तुम्ही घरी बसा. तर म्हणाले, "बैलाला वळख लागती. गडी काय करतोय!" विषय संपला.

त्या तलावात एका खडकाच्या आड डोह उरला होता. बऱ्यापैकी पाणी होतं त्यात, पण ते जॅकवेलपर्यंत, म्हणजे पंपाच्या विहिरीपर्यंत, येईना, कारण मधे काळ्या पाषाणाची आडवी भिंत. तो पाषाण फोडून चर काढला तर खालच्या गावांना पावसाळ्यापर्यंत पाणी पुरलं असतं. आमच्याकडचे विहिरीला सुरुंगाचे बार लावणारे येऊन बघून गेले आणि मान हलवून परतले. मग वरून चक्रं फिरली आणि फौजेची इंजिनिअर लोकांची एक तुकडी आली. तिचा कॅप्टन तरुण, उत्तरेकडचा, कामाला वाघ. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कपाळाला हात लावला. त्याचे सेट फौजेचे, आमचे कारखान्याचे. एकमेकांत बोलणं नाही. त्याचा जवान नकाशावरचे आकडे सांगायचा. आमचा टँकरवाला सांगायचा, "बाभळीपाशी हाय, म्हसोबाच्या पल्याड." आता नकाशावर म्हसोबा कुठून आणायचा?

मी म्हटलं, साहेब, एक तंबू द्या आणि तुमचा एक सेट द्या. मांजरसुंब्याला चौकाच्या वर, ढाब्यामागच्या टेकाडावर तंबू ठोकला. तिथून घाटाच्या दोन्ही बाजू सापडतात. लाकडी टेबलावर डाव्या हाताला फौजेचा सेट, उजव्या हाताला कारखान्याचा, मधल्या खुर्चीवर मी. गेवराईकडून, गोदाकाठच्या विहिरींवर भरलेले टँकर यायचे, ते कारखान्याच्या सेटवर मला सांगायचे. मी नकाशात आकडा शोधून फौजेला सांगायचो. फौज म्हणायची अमुक वाजता रस्ता बंद, मी ते ड्रायव्हर लोकांना म्हसोबाच्या भाषेत सांगायचो. आठवड्यात गाडी अशी रुळावर आली की कॅप्टन एकदा जीपमधून वर आला आणि म्हणाला, "हवालदार साब, आप न होते तो हम यहाँ बहरे थे." मी वरवर हसलो. आतून मात्र छाती चांगलीच फुगली.

टँकरच्या दुरुस्तीला बीडचे एक मिस्त्री चाचा माझ्याबरोबर टेकाडावर असायचे. साठीचे, पांढरी दाढी, बोटं कायम ग्रीसनं काळी. त्यांना माझ्या ओरडण्याची गंमत वाटायची. बार उडवायच्या दोन दिवस आधी सडकेच्या नाक्यावरचा फौजेचा संत्री सेटवर नुसतं "हां जी, हां जी" करत होता, तेव्हा मी त्याला ड्रायव्हरांच्या देखत असा झापला की चाचा म्हणाले, "अरे बाबा, वो भी किसी का लडका है. इत्ता नक्को चिल्लाओ." मी म्हटलं, चाचा, सेटवर माया करायची नसते.

बार उडवायचा दिवस ठरला. भर दुपारी बारा वाजता. सगळा बंदोबस्त कॅप्टननं आणि मी मिळून कागदावर मांडला. त्यातली मुख्य गोष्ट अशी होती की सुरुंग पेटवणारी टोपी विजेवर उडते, आणि जवळपास वायरलेसचं बटण दाबलं तर त्या लहरीनं ती अवेळी उडायची भीती असते. म्हणून अकरा चाळीसपासून सगळे सेट बंद. बार उडवणारी माणसं आणि नाक्यावरचा संत्री यांच्यात टेलिफोनची तार टाकलेली, तेवढंच बोलणं चालू. संत्र्याचा सेट सुरू राहणार, पण नुसता ऐकायला, वरच्या साहेबांचा काही निरोप आला तर. ड्रायव्हर लोकांना मी बजावलं, "चाळीसनंतर ज्यानं बटण दाबलं, त्याचा हात मी जागेवर काढून घेईन." ते हसले, पण दाबलं कुणी नसतं.

त्याआधी, साडेअकराला, मी छावणीकडून शेवटचा पक्का निरोप घ्यायचा आणि फौजेला "साफ" म्हणून कळवायचं. छावणीतली बैलगाडीवाली माणसं रोज झाडपाला, सरपण आणायला बाहेर पडायची. तीन-चार गाड्या तरी रोज बाहेर. म्हणून कागदावर प्रश्न मीच लिहिला होता: छावणीची एखादी गाडी बाहेर आहे का? डोहाकडं माणसं आहेत का, हे फौजेचे जवान साडेदहाला फिरून स्वतः बघणार होते. त्यांनी बघितलं, कुणी नव्हतं.

साडेअकराला मी कारखान्याच्या सेटवर छावणीच्या कारकुनाला विचारलं, "गाड्या बाहेर किती?"

"एकबी न्हाई, हवालदारसाहेब."

"नक्की?"

"नक्की म्हंजे! समद्या गाड्या हितंच उभ्या हायेत, माझ्या डोळ्यापुढं."

मला काय बरं वाटलं! दहा दिवस घसा फोडून सांगत होतो, आज एकदाची शिस्त लागली. मी डावा माईक उचलला आणि फौजेला सांगितलं, "छावणी साफ. सब गाड़ियाँ अंदर." कॅप्टनचा आवाज आला, "शाबाश." चाळीसला सगळे सेट गप्प झाले. मी खुर्चीत मागं रेललो.

पाचेक मिनिटांनी चाचा ढाब्याकडून वर आले. हातात लिंबू-मिरच्यांच्या माळा. खाली उभ्या असलेल्या टँकरांना बांधायला ड्रायव्हरांनी त्यांनाच आणायला पाठवलं होतं. मी चेष्टेत म्हटलं, "चाचा, तुम्ही कधीपासून लिंबू बांधायला लागलात?"

"मेरेकू क्या करनेका है बाबा! तुमारेच लोगां बोले, आज अमावस्या है, बांधे बगैर गाडी नै हिलाते."

मी हसलो. आणि हसता हसताच थांबलो.

अमावस्या. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. गाड्या छावणीत उभ्या होत्या त्या माझ्या शिस्तीनं नव्हे. आज त्या हलणारच नव्हत्या. गाडी उभी होती, पण बैल? अमावस्येला म्हातारी माणसं बैलाला काय करतात? धुतात, चोळतात, शिंगांना तेल लावतात. कित्येक महिन्यांत बैलांच्या अंगाला पाणी नव्हतं. आणि उद्यापासून डोहाचं पाणी जॅकवेलला जाणार हे साऱ्या छावणीला माहीत होतं, कारण मीच ते सांगितलं होतं. मग आजची शेवटची आंघोळ कुठं घालतील? फौजेचे जवान साडेदहाला बघून गेले, पण ओढ्याच्या वळणातून डोहावर उतरायची पायवाट त्यांच्या नकाशात नव्हती. आणि सगळ्यात पुढं कोण असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कारकून खोटं बोलला नव्हता. मी गाड्या विचारल्या, त्यानं गाड्या सांगितल्या. बैल धुवायला गेलेत हे सांगण्यासारखं आहे, असं त्याला वाटलंच नसेल. सगळ्यांना माहीत असतं ते कोण कशाला सांगतो! मीसुद्धा त्याच मातीतला, शेतकऱ्याच्या पोटचा. पण बावीस वर्षं तारखांवर जगलो, आणि तिथी कधीच विसरून गेलो होतो.

घड्याळात अकरा एकोणपन्नास.

छावणीचा सेट बंद. बार उडवणाऱ्यांचा सेट बंद. दोन्ही माझ्याच हुकुमानं. जीपनं घाट उतरायला वीस मिनिटं. उरला तो नाक्यावरचा संत्री. तो नुसता ऐकणार. माझं टेकाड डोहापासून कोसभर लांब, माझ्या बटणानं टोपी उडायची नाही, हे मला माहीत होतं. पण संत्र्यानं सवयीनं उलट उत्तर दिलं तर? तो सुरुंगाच्या तसा जवळ. आणि चालू बंदीत एका पेन्शनवाल्याचं तो का ऐकेल? तोही असा माणूस, ज्याला मी परवाच चारचौघांत सोलून काढला होता.

खोटं कशाला सांगू, देवाचं नाव घेतलं, तेही अर्धवट. डावा माईक उचलला.

"रोको. रोको. रोको. जवाब मत देना बेटा, बटन मत दबाना. सिर्फ़ सुनो. तार का फोन उठाओ और साहब को बोलो, डोह में आदमी और बैल हैं. बार मत उड़ाओ. फिर बोलता हूँ, जवाब मत देना. रोको. रोको. रोको."

आणि माईक खाली ठेवला.

आयुष्यभर मी निरोप देऊन पोच घेतली. पोच आल्याशिवाय निरोप गेला असं धरायचं नाही, हे मी शेकडो पोरांना शिकवलं. आणि आज मीच त्याला म्हटलं होतं, पोच देऊ नकोस. सेट नुसता खरखरत होता. चाचा समोरच्या खोक्यावर बसले, माळा मांडीवर. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, पण माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"उधर तुमारे अब्बा हैं ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, दोघांना दिसेल असं. खाली चौकात एसटीचा हॉर्न वाजत होता, ढाब्यावर कुणीतरी जोरात हसत होतं. बारा वाजले. मी घाटाकडं कान लावले. बारा वाजून एक मिनिट झालं. दोन झाली. चाचा हळूच म्हणाले, "अब्बी तलक तो कुच नै हुआ."

"चाचा, बोलू नका!" मी ओरडलो. मग लाज वाटली. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. ग्रीसचा डाग शर्टाला लागला. पाच मिनिटं गेली. बार उशिरानंही उडू शकतो, एखादी जोडणी ढिली असली की उशीर होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. जास्त माहिती असणं कधीकधी फार वाईट. सात मिनिटं. आठ.

बारा दहाला डावा सेट खरखरला आणि कॅप्टनचा आवाज आला. "किसने चुप्पी तोड़ी?"

"मैंने, साहब." उभा राहून बोललो, हे नंतर चाचांनी सांगितलं.

मग तो म्हणाला, "वायर निकाल दी है. बारह बैल थे, छह बुज़ुर्ग. सब बाहर हैं, सब ठीक हैं." आणि मग, आवाज जरा बदलून, "उनमें एक लंगड़ाकर चलते हैं. वो मेरे जवानों को बहुत गालियाँ दे रहे हैं. कह रहे हैं बैल आधा धुला है."

त्यानं माईक बाजूला धरला असावा, कारण मागून, लांबून, पण लख्ख ऐकू आलं: "आरं ए मुडद्यांनो! एक बाजू राहिली की रं बैलाची!"

ही शिवी मी लहानपणापासून खाल्लेली. मी खुर्चीत बसलो आणि रडायला लागलो. हसतही होतो. चाचांनी लिंबू-मिरचीची एक माळ उचलली आणि माझ्या सेटच्या एरियलला बांधून टाकली. "रैने दो," म्हणाले, "इसकूच ज्यादा जरूरत है." काय मोकळं वाटलं ते मला शब्दांत सांगता येत नाही. छातीवर ठेवलेलं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं, तसं.

बार मग तीन वाजता उडाला. त्याआधी कॅप्टननं स्वतः ओढ्याचं वळण चालून बघितलं. पाषाण फुटला, चर पडला, संध्याकाळपर्यंत पाण्याची बारीक धार जॅकवेलकडं वळली आणि खालच्या गावातल्या बाया कडेवर पोरं घेऊन बघायला आल्या. चौकशीत मी सांगितलं, चूक माझी, प्रश्न मी चुकीचा लिहिला. कॅप्टननं रोजच्या नोंदीच्या वहीत तारखेशेजारी एक नवा रकाना आखला आणि म्हणाला, "इसमें आप रोज़ तिथि लिखेंगे. और लिखेंगे कि उस दिन आपके लोग क्या करते हैं." फौजेच्या वहीत एकादशी, पौर्णिमा, आठवडी बाजार, जुम्मा, असं सगळं मी तुकडी जाईपर्यंत लिहिलं. जुम्म्याची नोंद चाचांनी सांगितली.

खाली उतरलो तेव्हा नाक्यावरचा तो संत्री भेटला. विशीतला पोरगा, मिसरूडही धड नाही. मी विचारलं, "बेटा, तूने मेरी बात मानी कैसे? हुकम तो नहीं था."

तो लाजला. म्हणाला, "साब, आप बिना डाँटे बोले. मैं समझ गया, बात बहुत बड़ी है."

त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

छावणीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अण्णा दावणीशी उकिडवे बसून पवळ्या बैलाच्या शिंगाला तेल लावत होते. बैलाची एक बाजू चकचकीत, दुसरी धुळीनं माखलेली. मला बघून म्हणाले, "कशापायी आलास? तुझं काम न्हाई व्हय वर?"

मी शेजारी बसलो. सांगायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. पण सांगितलं. म्हटलं, "अण्णा, साडेअकराला छावणी साफ हाय म्हणून मीच कळवलं. अमावस्या इसरलो. बाराच्या ठोक्याला तुमी तिथं…"



अण्णांचा हात शिंगावर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली. मला त्या हव्याच होत्या.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. कोपऱ्यातली अर्धी भरलेली बादली आणि काथ्याची चोळणी माझ्यासमोर आणून ठेवली.

"हे पाणी माझ्या वाट्याचं राखलंय," म्हणाले. "ऊठ. राहिलेली बाजू धू त्याची. दिवस मावळायच्या आत."

मी बाह्या वर केल्या. अण्णांनी कासरा धरून ठेवला, आणि मी बैल धुतला.